'एकशिंगी' तोफेचं शिंग

प्रश्न आलाय: जुन्या रशियन 'युनिकॉर्न' तोफेला एकच नळी होती म्हणून ते नाव पडलं का, आणि मराठीत तिला काय म्हणावं?

नळी बहुतेक तोफांना एकच असते हो! 'एक शिंग म्हणजे एक नळी' हे व्याख्यानांतून ऐकून ऐकून कान किटले. मूळ शब्द 'येदिनोरोग', म्हणजे कथांतला एकशिंगी घोडा. तोफखान्याचा प्रमुख काउंट प्योत्र शुवालोव याच्या कुलचिन्हावर तो होता. १७५७ साली ही तोफ सैन्यात आली, तेव्हा तिच्या पाठीवरच्या उचलायच्या कड्याही त्याच प्राण्याच्या आकारात ओतल्या. लांब तोफ आणि आखूड उखळी तोफ यांच्या मधली ही जात. दारूची कोठी आत निमुळती होत गेलेली, त्यामुळे भरणं सोपं; भरीव गोळा, फुटणारा गोळा, छर्रे, काहीही चाले. तेव्हा तिला सरसकट 'हॉवित्झर' (उंच कमानीत गोळा फेकणारी आखूड तोफ) म्हणणंही चूकच.

पण 'सगळं श्रेय शुवालोवच्या चिन्हाला' असं लिहून मोकळे होणारे कोशकार मला पटत नाहीत. आंद्रेई चोखोव या ओतकाऱ्याने १५७७ मध्येच एक अजस्र वेढ्याची तोफ ओतली होती, आणि तिचं नाव 'इनरोग', म्हणजे पुन्हा एकशिंगीच! तोफेला हे जनावर शोभतं, ही कल्पना रशियात १८० वर्षं आधीच रुजली होती. शुवालोवच्या चिन्हाने तिला फक्त निमित्त दिलं, असं माझं ठाम मत आहे.

आणि खरी गंमत त्या 'इन'मध्येच आहे. 'रोग' म्हणजे शिंग. त्याला आपल्या 'शृंगा'शी जोडणारे उत्साही लोक भेटतात, पण ते साफ चूक. 'शृंगा'चे भाऊबंद लॅटिन 'कोर्नू' आणि इंग्रजी 'हॉर्न'. नातं जुळतं ते 'इन'शी. जुन्या स्लाव भाषेत 'इन' म्हणजे एक, लॅटिनचा 'ऊनुस' त्याचा सख्खा भाऊ. या सगळ्या भाषांच्या समाईक पूर्वज भाषेतलं मूळ 'ओइ'. त्याला 'न' लागला की 'इन' आणि 'ऊनुस', 'क' लागला की आपला 'एक'. मितान्नी या आजच्या सीरियाच्या भागातल्या प्राचीन राज्यातून आलेल्या एका अश्वशिक्षकाच्या घोडे शिकवण्याच्या ग्रंथात, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास, 'ऐकवर्तन' म्हणजे एक फेरी असा शब्द येतो. त्यातला 'ऐक' म्हणजे आपला 'एक'च, अजून 'ए' न झालेला. चोखोवच्या तोफेवरचा 'इन' आणि त्या घोड्याची 'ऐक' फेरी एकाच घरातली!

हां, मराठीत 'एकशिंगी तोफ' म्हणा. खुशाल म्हणा.