वर्डमध्ये 'दोन्ही बाजूंनी प्रिंट' हा ऑप्शनच येत नाही, झेरॉक्स मात्र दोन्ही बाजूंनी निघते. काय करू?

झेरॉक्स दोन्ही बाजूंनी निघतेय ना, मग मेकॅनिकला बोलवू नका. कागद उलटवणारं ड्युप्लेक्स युनिट आहे आणि चालतंय, हे तिथेच कळलं. घोळ ड्रायव्हरचा आहे, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा, त्याला हे युनिट बसवलंय याचा पत्ताच नाही. काही मॉडेल्सना हे युनिट वेगळं घेऊन बसवावं लागतं, त्यामुळे ड्रायव्हर कधीकधी ते नाहीच असं धरून चालतो आणि वर्ड बिचारं ड्रायव्हर सांगेल तेवढंच दाखवणार, म्हणून तुम्हाला फक्त 'मॅन्युअली प्रिंट ऑन बोथ साइड्स' दिसतंय.

विंडोजमध्ये त्या प्रिंटरचं 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' नाही हं, निम्मी जनता तिथेच शोधत बसते. प्रॉपर्टीजमध्ये 'डिव्हाइस सेटिंग्ज' टॅब, त्यात खाली 'इन्स्टॉलेबल ऑप्शन्स', तिथे ड्युप्लेक्स युनिटपुढे 'नॉट इन्स्टॉल्ड' असेल तर 'इन्स्टॉल्ड' करा, अप्लाय मारा आणि वर्ड बंद करून परत उघडा. कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात. मॅक असेल तर हेच 'ऑप्शन्स अँड सप्लाइज'मध्ये मिळतं. बदल करूच देत नसेल तर प्रिंटर बहुतेक सर्व्हरवरून शेअर केलेला असणार, मग आयटीवाल्यांच्या मागे लागा, ते तुमच्या हातात नाही. आणि असली ओळच दिसत नसेल तर विंडोजने आपलं आपण जेनेरिक, म्हणजे कुठल्याही मॉडेलला चालणारा सर्वसाधारण, ड्रायव्हर टाकला असण्याची शक्यता जास्त, तो काढून कंपनीच्या साइटवरून बरोब्बर तुमच्या मॉडेलचा टाका.

ऑप्शन आला तरी एकाच बाजूने छापत असेल तर पेपर टाइप बघा. कोणीतरी लेबल नाहीतर पाकीट छापलेलं असतं आणि सेटिंग तसंच राहतं, अशा कागदाला बहुतेक मशीन्स ड्युप्लेक्स करतच नाहीत. प्लेन करून ए४ ठेवा, कारण ए५ बऱ्याच मशीन्सना उलटवता येत नाही. मागची बाजू उलटी छापली जात असेल तर ते बिघडलेलं नाही, 'लाँग एज'च्या जागी 'शॉर्ट एज' झालंय एवढंच. उभं पान पुस्तकासारखं उलटायचं असेल तर लाँग, आडवं असेल तर शॉर्ट.

एक्सेलची मात्र वेगळीच तऱ्हा! तिथे प्रत्येक शीट स्वतःचं प्रिंट सेटिंग धरून बसते, त्यामुळे सगळं वर्कबुक दिलं की पहिली शीट दोन्ही बाजूंनी आणि पुढच्या एका बाजूने असले प्रकार होतात. एकेका शीटचं सेटिंग बदलत बसण्यापेक्षा सरळ सगळ्याची एक पीडीएफ करा आणि ती ड्युप्लेक्स लावून छापा.