आठवी ते दहावीची शाळा सकाळी उशिरा भरावी का?

दहावीच्या मुलांची शाळा उशिरा भरावी, की मुलांनाच रात्री लवकर झोपायची सवय लावावी, असं तुम्ही विचारलंय. शाळा उशिरा भरावी, असं माझं ठाम मत आहे.

तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी १९ वर्षं विज्ञान शिकवते. खोल्या कमी, म्हणून शाळा दोन सत्रांत भरते. आठवी ते दहावी सकाळी ७:१० ला आणि पाचवी ते सातवी दुपारी.

पहिला तास बहुतेक माझाच असतो. काही वर्षांपूर्वी दहावीतली एक मुलगी रोज त्या तासाला बाकावर डोकं टेकायची. मी तिला उभं करायची, कधी तोंड धुऊन यायला पाठवायची. एकदा जवळ बसवून नीट विचारलं. गावातून एसटी पावणेसहाला, त्याआधी झाडलोट आणि डबा, म्हणून साडेचारला उठणं. आणि झोप? "बाई, अकराच्या आत डोळाच लागत नाही." घरात मोबाईल एकच, तोही वडिलांच्या खिशात. त्या दिवसापासून झोपलेल्या मुलाला उभं करणं मी सोडलं.

ती खरंच सांगत होती. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा तयार होऊ लागतं. झोपेची गरज मात्र तेवढी घटत नाही, १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास लागतातच. म्हणजे त्या मुलीने साडेआठला, घरात भाकऱ्या थापायच्या वेळी, झोपून जायला हवं होतं. "लवकर निजे, लवकर उठे" म्हणणारी मोठी माणसं त्यातलं पहिलं निम्मं त्या पोरीला कसं जमणार, हे बघत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरून धरलेली, आणि सांगली त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली, तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३२ मिनिटं मागे चालतो. जानेवारीत तो उगवतोच सातनंतर. मुलं प्रार्थनेला उभी राहतात तेव्हा जेमतेम उजाडलेलं असतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. चिमुरड्यांसाठी चांगलंच झालं. पण ती पोरं आपणहून पहाटे उठून अंगणात खेळत असतात. ज्यांचं शरीरच उशिरा झोपू मागतं, ती आठवीपासूनची मुलं त्या आदेशात नाहीत. उशिरा शाळा भरली तर मुलं आणखी जागतील, असं पालक म्हणतात. अमेरिकेत सिएटलच्या माध्यमिक शाळा २०१६ मध्ये ७:५० वरून ८:४५ वर नेल्या, तेव्हा मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली.

आमच्यासारख्या शाळेला नवी खोलीही नको, सत्रं उलटी केली की झालं. पाचवी ते सातवी सकाळी, मोठी मुलं दुपारी. अडचण परतीची आहे. साडेपाचला शाळा सुटली, तर डिसेंबरात मुली घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. त्यामुळे संध्याकाळच्या एसटीची वेळ आधी जुळवून घ्यावी लागेल, त्याशिवाय सत्र बदला असं मी म्हणणार नाही. आणि मोकळ्या झालेल्या सकाळी पालकांनी सहाचा क्लास लावला, तर सगळं मुसळ केरात.

गेल्या पालकसभेत मी हे मांडलं. द्राक्षबागेत पहाटे फवारणीला जाणारे एक वडील म्हणाले, "आम्ही उठतोच की चारला." मी त्यांना विचारलं, तुम्ही दुपारी बागेत तासभर आडवे होता ना? ते हो म्हणाले. आमच्या पोरांना ती सोय नाही.

शाळेची वेळ तुमच्या हातात नसेलही. पण तुमचा मुलगा दहावीत असेल आणि पहाटेच्या क्लासला जात असेल, तर संध्याकाळची बॅच आहे का, हे उद्याच विचारा.