मासळी विकते ती, सभासद मात्र तो

प्रश्न : आम्ही भोई समाजाचे. यजमान आणि दीर रात्री वारणेवरच्या धरणात जाळी टाकतात. पहाटे मासळी काठाला आली की ती निवडणे, बर्फात लावणे, पाटी घेऊन आठवडी बाजार गाठणे आणि कापून-तोलून विकणे हे सारे मी व जाऊबाई करतो. आलेले पैसे मात्र यजमानांच्या हाती द्यावे लागतात. मच्छीमार संस्थेचे सभासदत्व मागितले, तर ‘बाई कुठे होडीत बसते?’ असे घरातूनच ऐकावे लागले. काय करावे?
— एक वाचक, शिराळा तालुका, जि. सांगली

उत्तर : ताई, रोहू-कटला जाळ्यात सापडला तरी त्याचे पैसे होतात ते तुमच्या विळीपाशी. दिवस कलताना उरलेली चिलापी कोणत्या भावाने सोडायची आणि उधारी कोणाला द्यायची, हेही तुम्हीच ठरवत असणार. होडीत बसणे तेवढीच मासेमारी, ही समजूत घरातल्यांच्या सोयीची आहे म्हणूनच टिकली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात वाद घालण्याआधी संस्थेच्या उपविधींची, म्हणजे नियमावलीची, प्रत मागून सभासदत्वाची अट स्वतः वाचा, लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर सभासदत्व दिले असे मानले जाते आणि नाकारले, तर त्याविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकांकडे अपील करता येते. जाऊबाईंनाही सोबत अर्ज करायला सांगा, कारण एकटीचा अर्ज ‘घरचे भांडण’ म्हणून बाजूला सारणे फार सोपे असते. व्यवस्थापक समितीत महिलांसाठी जागा राखीव असतात. पण सभासदांच्या यादीत बायकाच नसतील, तर त्या जागांवर बसणार कोण?

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिलेला ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. (अशा वेळी घराला सुनेचे नाव बरोबर आठवते!) तुमच्या नावाने अर्ज होणार असेल, तर अनुदान तुमच्याच खात्यात जमा होईल आणि घेतलेली वस्तू तुमच्याच ताब्यात राहील, हे सही करण्यापूर्वी ठरवून घ्या.

पैशांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पाटीशेजारी क्यूआर कोड ठेवत असाल, तर तो कोणाच्या खात्याला जोडला आहे हे आधी पाहा आणि स्वतःचे बचत खाते नसेल तर उघडा. बर्फ, गाडीभाडे आणि बाजारपट्टी वजा करून रोजची विक्री वहीत मांडत जा. यजमानांशी बोलताना ती वही समोर ठेवता येईल आणि सभासदत्वाच्या अर्जालाही तिची प्रत जोडता येईल.