लिमिटिंग म्हणजे मर्यादित की मर्यादक?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय, भाचा अकरावीला आहे, हायर सेकंडरीत केमिस्ट्री इंग्लिशमधून, पण प्रायमरी मराठीतून झालीय म्हणून घरी मराठीत सांगितलं की त्याला चटकन कळतं, तर लिमिटिंग रिएजंटला 'मर्यादित अभिक्रियाकारक' म्हटलेलं चालेल का, आणि परसेंट यील्डला काय म्हणायचं?

ताई, मर्यादित नको, मर्यादक म्हणा. शोषक आणि शोषित यांत जेवढा फरक तेवढाच इथे आहे. मर्यादित म्हणजे ज्याच्यावर मर्यादा आली तो, आणि हा पदार्थ तर दुसऱ्यांवर मर्यादा घालणारा, हा संपला की रिअ‍ॅक्शन थांबली, बाकीचे कितीही उरोत. हा नुसता व्याकरणाचा कीस नाही हो, 'मर्यादित' ऐकलं की मुलं वजनाला जे कमी ते उचलतात आणि गणित तिथेच चुकतं. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घ्या. कमी कोण, हायड्रोजन. पण आधी संपतो ऑक्सिजन, कारण पाणी होताना १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे १६ ग्रॅमला २ ग्रॅमच हायड्रोजन पुरला, पाणी झालं १८ ग्रॅम आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच पडून. चौपट वजनाचा ऑक्सिजन मर्यादक ठरला!

घरात समजवायचं तर नागपंचमीच्या पातोळ्या घ्या. पीठ २६ पातोळ्यांचं भिजवलंय, चून म्हणजे आतलं गूळ-खोबऱ्याचं सारण, तेही तेवढंच, पण परसातून हळदीची पानं मिळाली २०. एका पातोळीला एक पान, म्हणजे पातोळ्या २०च, सहांचं पीठ नि चून उरलं. पान मर्यादक. आता वाफवून काढताना तीन फुटल्या, चून बाहेर आलं, हाती धड आल्या १७, तर ८५ टक्के. २६ने भागायचं नाही, कारण २६ होणारच नव्हत्या.

या टक्क्यांना, म्हणजे परसेंट यील्डला, मला 'उतारा' फार आवडतो. जमिनीचा एक-चौदाचा उतारा वेगळा, विषावरचा वेगळा, मी म्हणतो तो साखरेचा, 'यंदा उतारा चांगला पडला' म्हणतात तो. 'शेकडा उत्पादन'मध्ये ती मजा नाही, किती हाती उतरलं हे उताऱ्यात आपोआप येतं. फक्त एक सांभाळा, साखरेचा उतारा उसाच्या वजनावर काढतात, १०० किलो उसाला १० किलो साखर म्हणजे १० टक्के, आणि केमिस्ट्रीत भागायचं ते मर्यादकावरून जास्तीत जास्त जेवढं होऊ शकलं असतं त्याने. म्हणून मी त्याला 'हिशेबी उतारा' म्हणतो, हातात आला तो 'प्रत्यक्ष उतारा', आणि दोहोंचा 'शेकडा उतारा'. वरच्या पाण्यात हिशेबी उतारा १८ ग्रॅम, प्रत्यक्षात १५.३ ग्रॅमच मिळालं तर शेकडा उतारा ८५, पातोळ्यांइतकाच.