बाबांचं इंदूर, डिसेंबरातले पाच दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ७६ वर्षांचे, इंदूरच्या रामबागेत वाढलेले, १९८२ साली नोकरीसाठी मुंबईला आले ते आलेच. डिसेंबरात पाच दिवस त्यांना घेऊन जायचंय, सोबत तुम्ही दोघं आणि ९ नि १४ वर्षांची मुलं. यादीत उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू आणि शेवटी ‘वेळ उरला तर इंदूर’. ते शेवटचे चार शब्द वाचले आणि म्हटलं, आता लिहायलाच बसावं.

माझं माहेर इंदूर. मीही रामबागेतलीच. लग्न होऊन १९९१ मध्ये पुण्याला आले, पुढे माझे बाबा गेल्यावर आईसुद्धा भावाकडे पुण्यात आली. तिला घेऊन आम्ही दोनदा इंदूरला गेलो. २०१७ ची पहिली फेरी पार फसली, २०२३ ची जमली. त्यामुळे आधी फसलेलीचं सांगते.

तेव्हा आमची यादी अगदी तुमच्यासारखीच होती. गाडी ठरवून दिलेल्या माणसाने ‘चार दिवसांत सगळं होतं मॅडम’ म्हणून सांगितलं, आणि झालंही. ओंकारेश्वरला पायऱ्या, उज्जैनला तीन तास रांग, मांडूला उन्हात एका महालातून दुसऱ्या महालात. आई बिचारी गुडघे चोळत गाडीत बसून राहायची. इंदूर आलं ते रात्री साडेदहाला, झोपण्यापुरतं. शेवटच्या सकाळी रामबागेत गेलो तर ड्रायव्हर गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवतोय. आई घरापाशी जेमतेम पाच मिनिटं उभी होती. परतीच्या गाडीत म्हणाली, "देव बघितले, छान झालं. पण मी इंदूरला गेले होते कुठे?"

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. पाचातले तीन पूर्ण दिवस इंदूरलाच द्या. एक दिवस-रात्र महेश्वर. उज्जैन परतीच्या दिवशी. ओंकारेश्वर आणि मांडू यावेळी सोडा. मांडूची खरी मजा पावसाळ्यात, तेव्हा मुलांना घेऊन वेगळे जा.

उज्जैन परतीच्या दिवशी का, तर तुम्ही जाता-येता अवंतिका एक्सप्रेसच घेणार ना? जाताना ती संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघते, तुम्हाला बोरिवलीला चढता येईल, सकाळी इंदूर. येताना ती उज्जैनवरूनच जाते. तेव्हा सकाळी इंदुरातून सामानासकट गाडीने उज्जैनला या (५५ किलोमीटर), महाकालचं दर्शन घ्या, जेवा, आराम करा आणि संध्याकाळी तिथेच गाडीत बसा. भस्म आरतीचा आग्रह मात्र धरू नका. तिचं आधी बुकिंग लागतं आणि ती पहाटे चारला असते. डिसेंबरातल्या माळव्याच्या थंडीत मध्यरात्रीपासून ७६ वर्षांच्या माणसाला रांगेत उभं करायचं, हे मला तरी पटत नाही. मंदिरालगतचा ‘महाकाल लोक’ परिसर २०२२ मध्ये झाला, तोही बाबांना नवीनच. चालणं बरंच आहे, ई-रिक्षा किंवा व्हीलचेअरची चौकशी आधीच करून ठेवा.

राहायची जागा. सगळे तुम्हाला विजयनगर सुचवतील, कारण नवी चकचकीत हॉटेलं तिकडे. पण बाबांनी गाव सोडलं तेव्हाचं विजयनगर आठवून बघायला सांगा, शेतंच आठवतील. तिकडच्या आठव्या मजल्यावरच्या खिडकीतून त्यांना काय दिसणार? रीगल चौक ते जेल रोड या पट्ट्यात साधं पण स्वच्छ हॉटेल घ्या. सकाळी उठून त्यांना एकट्याने पायी बाहेर पडता आलं पाहिजे, बाकी सोयी दुय्यम. २०२३ मध्ये आमची आई रोज साडेसहाला स्वेटर घालून निघायची आणि आठला कोणाची तरी खबर घेऊन यायची.

पोह्यांपासून सुरुवात करा. मुलांना सांगून ठेवा की हे आपले पोहे नाहीत. आपण फोडणीत परतून गरम गरम वाढतो. तिथे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात बडीशेप असते, चव जरा गोडसर. वरून बारीक शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जीरावण. जीरावण म्हणजे जिरं, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ वगैरेंचा मसाला, इंदुरात तो कशावरही भुरभुरतात, पेरूवरसुद्धा. सोबत जिलबी. पहिला घास पोह्यांचा, दुसरा जिलबीचा. माझ्या पुणेरी नवऱ्याने पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं, तिसऱ्या दिवशी तोच माझ्याआधी टपरीवर. तिखट हवं असेल तर उसळ-पोहे मागा. मोठ्याने ‘उसल’ म्हणून ओरडणाऱ्या त्या पोऱ्याला हा शब्द कुठल्या घरातून त्याच्या टपरीवर आला हे माहीत नसतं, बाबांना बरोबर माहीत असेल.

सराफा ज्येष्ठांना झेपतो का, असं विचारलंय. झेपतो, पण वेळ सांभाळा. दिवसा तिथे सोन्याचांदीच्या पेढ्या, त्या बंद झाल्या की त्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात ती मध्यरात्रीनंतरपर्यंत. शनिवार-रविवार चुकूनही जाऊ नका, खांद्याला खांदा लागतो. सोमवार ते गुरुवार, नऊ-साडेनऊच्या सुमारास, सगळं नुकतं मांडून होत असताना जा. बसायला खुर्च्या नसतात, पेढ्यांच्या पायऱ्यांवर बसायचं. आम्ही मासे पकडणाऱ्यांचं असतं तसलं घडीचं स्टूल नेलं होतं. भावाला लाज वाटत होती, आईला अजिबात नाही. ती मधोमध स्टुलावर बसली आणि आम्ही तिला द्रोण आणून देत होतो.

काय खायचं? डिसेंबर आहे तर आधी गराडू. हा थंडीतच मिळणारा कंद. फोडी करून तळतात, मागितल्यावर पुन्हा कढईत टाकून कुरकुरीत करतात, वर जीरावण नि लिंबू पिळून देतात. बाबा बहुतेक एवढ्यासाठीच येतील. मग भुट्ट्याचा कीस, म्हणजे किसलेला कोवळा मका दुधात शिजवून केलेला. (पावसाळ्यातल्या ताज्या कणसांचा जास्त चांगला लागतो, पण म्हणून सोडू नका.) साबुदाण्याची खिचडी तिथे परतत नाहीत, वाफवलेला साबुदाणा आयत्या वेळी पातेल्यात मसाला आणि चिवडा घालून कालवतात. आपल्याकडची उपासाची माणसं ते बघून हबकतात. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा तुमच्या धाकट्याला आवडेल. शेवटी गरम मावाबाटी (गुलाबजामसारखा खव्याचा गोड पदार्थ) किंवा रबडी, दोन्ही नको, रात्री झोप येणार नाही. शिकंजी मागवाल तर लिंबाचं सरबत समजू नका, इंदूरची शिकंजी दाट, दुधाची, केशर-सुक्यामेव्याची असते. एक ग्लास दोघांत पुरतो.

छप्पन दुकान मुलांसाठी. खोबरा पॅटीस आणि जॉनीचं हॉट डॉग खा आणि निघा. बाबांच्या वेळचं रूप तिथे उरलेलं नाही. २०२० मध्ये सगळं नव्याने बांधून काढलंय.

राजवाडा बघताना एक जपा. बाबांनी सोडला तेव्हाचा राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला. समोरची सात मजली देवडी, खाली दगडी तीन मजले आणि वर लाकडी चार, ती वाचली. मागचा भाग कित्येक वर्षं पडीक होता, मग पुन्हा बांधला. वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं असेलच, पण समोर उभं राहून बघणं वेगळं. आमची आई आत शिरली नाही. "मला समोरूनच बरा वाटतो," म्हणाली आणि चौकातल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी बसून राहिली. आम्ही आत जाऊन आलो. ओढूनताणून नेऊ नका एवढंच. तिथून खजुरी बाजार, बर्तन बाजार, मारोठिया बाजार असं पायी भटका. बाबांना पुढे चालू द्या, फोनवरचा नकाशा खिशात ठेवा. गल्ली चुकले तरी टोकू नका, चुकलेल्या गल्लीत काहीतरी सापडतंच. मारोठियात आईला मसाल्याचं दुकान सापडलं ते असंच.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं) संध्याकाळी. लालबाग पॅलेसला तासभर पुरे, सोमवार टाळा. मोठ्या मुलाला क्रिकेटचं वेड असेल तर होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली आणि सी. के. नायडू त्याच संघाचे, हे आजोबांकडून ऐकू दे. पुढचे दोन तास तुम्हाला कोणी त्रास देणार नाही.

आता रामबाग. तिथे पहिल्या दिवशी जाऊ नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी जा, म्हणजे तोवर गाव अंगात मुरलेलं असतं. सकाळी दहानंतर, घाई नसलेल्या दिवशी, गाडी सोडून रिक्षाने. घर असेलच याची खात्री धरू नका. आमचा वाडा जाऊन तिथे चार मजली इमारत उभी आहे, खाली मोबाइलचं दुकान. आम्ही सगळे आईच्या तोंडाकडे बघत होतो की आता रडते का काय. ती इमारतीकडे बघतच नव्हती. रस्ता ओलांडून पलीकडे गेली, एका ओट्याच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाली, "हा तोच. ह्या कोपऱ्यावर अण्णांची सायकल टेकून असायची, इथला दगड झिजलेला आहे बघ." खरंच तिथे बोटभर खाच होती. सायकलमुळेच झाली का ते देव जाणे.

मग कोपऱ्यावर पिठाची गिरणी दिसली. तीही बदलली असणार, मशीन नवं, माणूस तिशीतला. आई आत गेली आणि त्याला हिंदीत म्हणाली, बाफल्यांचं पीठ दळून दे, जाडसर. बाफला म्हणजे बाटीचा भाऊ. बाटी थेट विस्तवावर भाजतात, बाफला आधी पाण्यात उकडतात आणि मग भाजतात, तुपात बुडवून आंबटगोड वरणाशी खातात. त्याला पीठ रवाळ लागतं, बारीक झालं की बिघडलंच. गिरणीवाल्याने विचारलं, "कितना मोटा?" आईने चिमूटभर हवेत चोळून दाखवलं. तो हसला, चाकं सैल केली, थोडं दळून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने बोटांत घासलं. "और थोड़ा." पुन्हा दळलं. तिसऱ्यांदा मान हलवली. एवढ्या वेळात शेजारच्या दोन बायका आत आल्या, एक मराठी निघाली, कोणाकोणाची नावं निघाली, आणि बघता बघता आईची भाषा पालटली. पुण्यात वीस वर्षं राहून तिचं मराठी अगदी आमच्यासारखं झालं होतं. तिथे अर्ध्या तासात "अगं, संध्याकाळी तू येऊन जा ना घरी" आणि "खूप सारे लोकं होते तेव्हा" सुरू. माझा भाचा पार गोंधळला. मला मात्र कानांना इतकं बरं वाटत होतं की मीही तशीच बोलायला लागले. तुमच्या बाबांचंही असं होईल. हसा, पण सुधारू नका.

महेश्वरला इंदूरहून दोन-अडीच तास, महू, मानपूर, धामनोद अशा रस्त्याने. (महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थळाचं स्मारक वाटेतच आहे, अर्धा तास थांबा.) दुपारी पोचा, घाटालगत रात्र राहा, सकाळी नावेत बसा. किल्ल्यातली अहिल्याबाईंची गादी बघितल्यावर मुलांना राजवाड्याचा आकार आणि हिचा साधेपणा आपोआप दिसतो, समजावून सांगावं लागत नाही. साडी घ्यायची तर रेहवा या विणकरांच्या सोसायटीत माग चालू असताना बघून घ्या. काठावरची नक्षी किल्ल्याच्या दगडांवरून उचललेली आहे, तीच शोधत मुलं तासभर फिरतील.

बाबांचा हट्ट असेल तर पातालपाणी-कालाकुंडच्या मीटरगेज गाडीची चौकशी करून बघा. जुन्या खंडवा लाइनचा तेवढाच तुकडा हेरिटेज म्हणून चालवतात, पण मोसमात आणि ठरावीक वारीच. डिसेंबरात नसेल तर त्यांना आधीच सांगून टाका. कालाकुंडला पळसाच्या पानात मिळणाऱ्या कलाकंदाचा विषय तेही काढतील बघा.

सामानात दोन रिकाम्या पिशव्या जास्त न्या. शेव, जीरावण आणि (लागली तर) पाच किलो पीठ. आमचं पीठ अवंतिकेत वरच्या बर्थवर ठेवलं होतं. रात्री पिशवीची शिवण उसवली आणि सकाळी खालच्या बर्थवरचे काका पांढरे होऊन उठले. आईने त्यांना बाफल्यांना पुण्याला यायचं आमंत्रण दिलं. ते आलेही.