डॉक्टर म्हणतात बरा झालाय, मग हा उतरत का नाही?

मी समुपदेशक आहे. गेल्या वर्षभरात हा प्रश्न माझ्यासमोर किती वेळा आला, मोजलेलं नाही. एका कबड्डीपटू मुलीच्या आईने विचारला, कथक शिकणाऱ्या मुलीने स्वतःच विचारला, स्कूटरवरून पडलेल्या एका बँक अधिकाऱ्यानेही विचारला. शब्द थोडे इकडे-तिकडे, पण प्रश्न तोच. रिपोर्ट चांगला आहे, फिजिओ म्हणतो झालं, सर्जन म्हणतात आता बिनधास्त कर. मग पाय उचलत का नाही? आणि त्यामागोमाग, आवाज खाली आणून, 'मन कच्चं आहे का हो?'

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते निनादबरोबर काम करताना. नाव अर्थातच बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे.

निनाद भायखळ्याच्या चाळीतला. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर नागपाडा. नागपाडा म्हणजे मुंबईच्या बास्केटबॉलचं माहेर. मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर घडलेली मुलं देशाच्या संघापर्यंत गेली आहेत. हा दहाव्या वर्षी तिथे गेला आणि तिथलाच झाला. पुढे खेळाडू कोट्यातून एका सरकारी खात्यात लागला. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरायचं तर मुख्य रस्ता हाच. खात्याच्या संघातून खेळायचं, पगार घ्यायचा, स्पर्धा गाजवायच्या.

बाविसाव्या वर्षी रिबाउंड, म्हणजे बास्केटवर हुकून उसळलेला बॉल, घेऊन खाली येताना डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांध्याच्या आतून हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, फाटलं. कोणाचा धक्का लागला नव्हता. लोकांना याचंच आश्चर्य वाटतं, पण हे लिगामेंट बहुतेक वेळा कोणाशी टक्कर न होताच जातं. उडी मारून उतरताना, पळता पळता थांबून वळताना. शस्त्रक्रिया, मग दहा महिने फिजिओ, मग एक हंगाम झकास खेळला. पंचविसाव्या वर्षी उजवा गुडघा गेला. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा तेवढेच महिने.

माझ्याकडे आला तेव्हा त्याला 'फिट' म्हणून दोन महिने झाले होते. मांडीची ताकद दोन्हीकडे सारखी, एका पायावरची उडी दोन्हीकडे सारखी. तरी तो रोज किट घेऊन निघायचा, कोर्टच्या कडेला बसायचा आणि घरी यायचा.

पहिल्या दिवशी आईबाबा बरोबर होते. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. म्हणाले, "मॅडम, याला समजवा. नोकरी तर आहे ना? नाही खेळला तर काय बिघडतं?" निनादने मान खाली घातली. हे वाक्य घरोघरी सांत्वन म्हणून बोललं जातं आणि खेळाडूच्या ते वर्मी लागतं. ज्याने पंधरा वर्षं स्वतःची ओळख खेळाडू म्हणून सांगितली, त्याला 'नोकरी आहे ना' म्हणणं म्हणजे तुझी ओळख गेली तर गेली, असं सांगणं. बाबांचा हेतू मायेचाच होता. पण त्या दिवशी मी त्यांना एवढंच विचारलं, "रोज संध्याकाळी तो घरी आला की पहिला प्रश्न काय असतो?" आई म्हणाली, "गुडघा काय म्हणतोय?"

"उद्यापासून निनाद काय म्हणतोय ते विचारा," मी म्हटलं. बाबांनी मान डोलावली.

एक गोष्ट मी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच टिपली होती, पण बोलले नव्हते. त्याचा उजवा तळवा सतत उजव्या गुडघ्यावर असायचा. बाहेर रिक्षाने कर्कश्श हॉर्न दिला की पकड घट्ट. आमच्या मावशी चहाचा कप ठेवायला वाकल्या की पकड घट्ट. तोंडाने मात्र तो गुडघ्याला शिव्या घालायचा. "या गुडघ्याने दगा दिला." "याने माझं करिअर खाल्लं." ज्याने दगा दिला त्याला कोणी असं पदराखाली घेऊन बसतं का? मला त्याच्या शब्दांपेक्षा त्या हातावर जास्त विश्वास ठेवावासा वाटला. भीती म्हणजे कमकुवत मन नव्हे. त्या गुडघ्यावर दोनदा सुरी चालली होती, हे त्याचं शरीर विसरलं नव्हतं, आणि विसरू नये हेच नैसर्गिक होतं.

(दोनदा म्हणजे दोन गुडघ्यांना मिळून. पण निनादच्या हिशेबात डावा-उजवा हा फरक कधीच पुसला गेला होता. 'गुडघा' एकच.)

पाचव्या भेटीत तो भांडायच्या तयारीने आला. "मॅडम, तुम्हाला डेरिक रोझ माहीत आहे?"

थोडाफार माहीत होता. पण मी म्हटलं, तूच सांग. आणि मग पहिल्यांदाच तो सलग दहा मिनिटं बोलला. शिकागो बुल्सचा रोझ 2011 मध्ये, वयाच्या 22व्या वर्षी, एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढ्या लहान वयात तो मान आजवर कोणाला मिळालेला नाही. पुढच्याच वर्षी, 28 एप्रिल 2012 ला, प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात डाव्या गुडघ्याचं एसीएल गेलं. 2013 च्या मार्चमध्ये बातम्या आल्या की डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला आहे. तरी तो उतरला नाही, पूर्ण हंगाम बाहेर राहिला. लोकांनी नावं ठेवली, भित्रा म्हटलं. शेवटी पुढच्या हंगामात उतरला आणि नोव्हेंबर 2013 मध्ये उजवा गुडघा. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी.

"आधी डावा, मग उजवा. माझ्यासारखंच. बघा आता."

"बघितलं," मी म्हटलं. "तो घाईने उतरला का?"

"नाही ना! दीड वर्ष थांबला."

"मग अजून किती थांबला असता तर नक्की काही झालं नसतं?"

तो गप्प. मी वही पुढे केली आणि म्हटलं, "तुला कोर्टवर उतरण्याआधी काय हवं आहे, ते एका वाक्यात लिही." बराच वेळ पेन हवेत. मग त्याने लिहिलं, 'पुन्हा दुखापत होणारच नाही हे कोणीतरी सांगावं.'

मी पेन घेतलं आणि 'होणारच'मधल्या 'च'भोवती गोल काढला.

इथे थोडं विषयांतर करते, कारण मी ज्या विचाराने काम करते तो असा एका अक्षरात दाखवता येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचा गाभा असा की, घटना आपल्याला त्रास देते, पण आपल्याला गोठवून टाकतो तो घटनेविषयीचा आपला हट्ट. असं झालंच पाहिजे, तसं होताच कामा नये. एलिसना हे इंग्रजीत समजावून सांगायला पुष्कळ कष्ट घ्यावे लागले असतील. आपल्या मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. माझ्या खोलीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या वाक्यात मी तो 'च' ऐकते. इतक्या वर्षांत माझे कान त्याच्यासाठी तयार झाले आहेत, आणि हे मी थोड्या अभिमानानेच सांगते.

"हा काढून वाच," मी म्हटलं.

"पुन्हा दुखापत होणार नाही हे कोणीतरी सांगावं." मग स्वतःच म्हणाला, "हे तर डॉक्टरांनी सांगितलंच आहे. शक्यता कमी आहे म्हणाले."

"आणि 'च'सकट कोण सांगेल?"

"कोणीच नाही."

"बरं. नागपाड्याला पहिल्या दिवशी गेलास, तेव्हा कोणी सांगितलं होतं?"

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. "पहिल्याच आठवड्यात फुटलो होतो, मॅडम. लेअप, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळून शॉट, मारायला गेलो आणि सिमेंटवर तोंडावर आपटलो. तीन टाके. हे बघा." आणि त्याने मान वर करून हनुवटीखालचा पांढरा व्रण दाखवला. उजव्या हाताने. लिहिणं सोडलं तर त्या खोलीत तो हात गुडघ्यावरून पहिल्यांदा सुटला होता.

"मग दुसऱ्या दिवशी?"

"पट्टी लावून गेलो. आईला सांगितलं, शाळेत पडलो. अजून तिला खरं माहीत नाही."

मी काहीच बोलले नाही. तो व्रणावरून बोट फिरवत बसला, मग हळूच म्हणाला, "तेव्हा खात्री नव्हती. नुसतं खेळायचं होतं." अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये. आपण जे सांगणार असतो ते समोरचा स्वतः म्हणतो, तेव्हा ते त्याचं होतं.

त्यानंतरचं काम सरळ होतं, म्हणून थोडक्यात सांगते. आम्ही भीतीच्या पायऱ्या लिहून काढल्या. सगळ्यात खालची, रिकाम्या कोर्टवर नुसतं उभं राहून फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचा शॉट. मग उडी न मारता शॉट. मग फिजिओसमोर उडी मारून उतरणं, आधी दोन पायांवर, मग एका. मग एक बचावपटू समोर. सगळ्यात वरची, गर्दीत घुसून रिबाउंड. प्रत्येक पायरीवर आधी भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे, मग करायचं, मग पुन्हा गुण द्यायचे. भीती शून्यावर यायची वाट पाहायची नाही. चाळिसावर आली की पुढची पायरी. फिजिओशी मी स्वतः बोलून घेतलं. हे अशा कामात फार गरजेचं आहे, नाहीतर मन एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे ओढला जातो.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा खेळाडू असेल तर एक नीट ध्यानात घ्या. गुडघ्याला सूज येत असेल, चालताना तो दगा देत असेल, अडकत असेल, रात्री ठणकत असेल, तर तो मनाचा खेळ समजू नका, तडक सर्जनकडे जा. आणि झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्यातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ हवा. पायऱ्या लिहिण्याचं काम त्यानंतरचं.

दुसरा 'च' मात्र चिवट होता. 'पूर्वीसारखाच खेळलो तरच खेळलो.' या वेळी उदाहरण मी शोधून आणलं होतं. शॉन लिव्हिंगस्टन. 2004 मध्ये शाळेतून थेट एनबीएत, चौथ्या क्रमांकावर निवडलेला. 26 फेब्रुवारी 2007 ला डावा गुडघा निखळला, जवळपास सगळीच लिगामेंट्स गेली. पाय कापावा लागेल का, इथवर चर्चा गेली. तो परत आला, पण पूर्वीसारखा नाही. या संघातून त्या संघात फिरला. वेग कमी झाला तर उंचीचा उपयोग करून जवळून, पाठ वळवून शॉट मारायला शिकला, आणि गोल्डन स्टेट या संघाकडून 2015, 2017 आणि 2018 अशी तीन विजेतेपदं मिळवली.

निनादने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रोझनेपण 2018 ला युटाविरुद्ध 50 गुण मारले होते. कोर्टवर रडला होता." पाचव्या भेटीत त्याने सांगितलेल्या गोष्टीत हे नव्हतं. ते त्याला तेव्हाही माहीत होतं. भीतीने आपल्या सोयीची अर्धीच गोष्ट उचलली होती.

चार महिन्यांनी तो सामन्यात उतरला. आता तो बारा-पंधरा मिनिटं खेळतो. पूर्वी बॉल मिळाला की थेट बास्केटवर घुसायचा, आता पास जास्त देतो. संघातल्या नव्या मुलांना हे आवडतं, त्याला अजून पूर्ण आवडत नाही. आणि तसं त्याने सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. सरावात रिबाउंडला गेला आणि दोघांच्या मध्ये आडवा पडला. सगळं कोर्ट चिडीचूप. पोरं धावत आली, कोणी गुडघा धरला, कोणी बर्फ आणायला पळालं. हा जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाला, "अरे, हनुवटी बघा आधी."

मग उठला. फाउल होता, दोन फ्री थ्रो मिळाले. एक आत गेला.