बाजारातून आणलेला निळा-पांढरा वाडगा चिनी आहे की डच? आणि खरंच जुना आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आइंडहोवनच्या जुन्या बाजारात ४० युरोला वाडगा मिळाला. आत झाडाखाली बसलेला चिनी माणूस, काठाला टवके. विकणारा म्हणाला, "सतराशे सालचा डेल्फ्ट." (डेल्फ्ट हे नेदरलँड्समधलं शहर, आणि तिथल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांनाही डेल्फ्टच म्हणतात.) सासूबाई म्हणतात चिनी मातीचा आहे, यात श्रीखंड काढू या. श्रीखंड तूर्त पातेल्यातच राहू द्या, कारण पुढे सांगतो.

मी काही या विषयातला पंडित नाही. हेगमध्ये बरीच वर्षं राहतोय, आणि उन्हाळ्यात शनिवारी डेल्फ्टच्या कालव्याकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तिथे खिसा हलका करून येतो, एवढीच पात्रता.

तुमच्या फोटोत काठाचा टवका उडालाय तिथे आतली माती पिवळसर दिसते, ग्लुकोजच्या बिस्किटासारखी. अर्धा निकाल तिथेच लागला. चिनी माती, म्हणजे पोर्सेलीन, फुटलं तरी आतूनही पांढरंच असतं. ते साधारण १३०० अंशांवर भाजतात, त्यात माती जवळजवळ काच होऊन जाते. तुमचा वाडगा हजारेक अंशांवर भाजलेली कुंभाराची माती आहे, वरून पांढरा अंगरखा घातलेली. माठ घेताना मारतो तशी हलकी टिचकी मारा, बद्द वाजेल. (तडा गेलेलं पोर्सेलीनही बद्द वाजतं, म्हणून माझा भरवसा टवक्यावर जास्त.)

हा अंगरखा कथलाचा. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कथलाची कल्हई करतात, इथे कथलाचं ऑक्साइड शिशाच्या पारदर्शक झिलईत मिसळतात आणि ती दुधासारखी पांढरी होते. मला यातली मजा वेगळीच वाटते. ही युक्ती नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी काढली, तीही चीनहून आलेल्या पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करायला. तिथून ती स्पेन, इटली, अँटवर्प करत हॉलंडला आली आणि आठशे वर्षांनी पुन्हा चीनचीच नक्कल करण्याच्या कामी लागली.

डचांना ती गरज का पडली? १६०३ साली त्यांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज गलबत पकडलं. त्यातल्या चिनी भांड्यांचा ॲमस्टरडॅममध्ये लिलाव झाला आणि श्रीमंतांना निळ्या-पांढऱ्याचं वेड लागलं. पुढे १६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं, चीनमध्ये धुमश्चक्री माजली, माल येईनासा झाला. नेमके त्याच सुमारास डेल्फ्टमधले बिअरचे कारखाने बंद पडत होते. त्या रिकाम्या जागांत कुंभार शिरले.

आता चित्राकडे बघा. झिलई भाजण्याआधी कोरडी भुकटी असते, टीपकागदासारखी. कुंचला टेकला की रंग आत, खोडाखोड नाही. म्हणून खऱ्या हातकामात रेषेला वेग असतो, कुठे रंग साचून गडद, कुठे कुंचला सुकत आल्यासारखा फिका. बाह्यरेषा अनेकदा जांभळट-काळ्या रंगाने आधी ओढून मग आत निळा भरलेला असतो. आणि काढणाऱ्याने चीन जन्मात पाहिलेला नसतो! माझ्याकडच्या वाडग्यातला 'चिनी' गृहस्थ झगा घालून बसलाय खरा, पण चेहरा अस्सल डच शेतकऱ्याचा आणि शेजारचं पाइनचं झाड फुलकोबीसारखं.

भिंगातून बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर चित्र छापील, विषय संपला. तळाला 'डेल्फ्ट' किंवा 'हॉलंड' असं लिहिलेलं असेल तर माल बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. मी सुरुवातीला हाच शब्द बघून खूश होऊन ९० युरो मोजले होते. घरी आल्यावर भिंग लावलं, तर ठिपकेच ठिपके. उलट जुन्या कित्येक भांड्यांवर खूणच नसते. 'एके' ही डेल्फ्टच्या नामांकित कारखानदार आद्रियान कॉक्सची, दोन अक्षरं जोडून केलेली खूण सापडली तर हुरळू नका, नकला करणाऱ्यांची ती सर्वांत लाडकी.

तुमच्या वाडग्याबद्दल माझा अंदाज: हातकाम नक्की, माती आणि टवके जुन्याला शोभणारे. ही झिलई मातीशी एकजीव नसते, त्यामुळे काठावरून ती कपच्यांनी उडतेच, ते टवके रंगवून बुजवू नका. पण सतराशे सालचा की दोनशे वर्षांनंतरची नक्कल, हे फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही.

आता श्रीखंड. झिलईत शिसं आहे आणि दह्याचा आंबटपणा ते ओढून घेतो. सासूबाईंना एवढंच सांगा, कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवाल का? लगेच पटेल. डिशवॉशर आणि भिजत ठेवणंही नको. उघड्या मातीतून पाणी आत शिरतं आणि पांढऱ्याखाली तपकिरी डाग पसरतो. माझ्या वाडग्यात मी एकदा मोगऱ्याची फुलं पाण्यात ठेवली होती, तो डाग अजून आहे.

वाडगा उलटा करून तळाच्या कडीचा फोटो उजेडात काढून टाका. जमिनीला टेकते तिथली झीज दिसायला हवी.